द गुड, द बॅड अँड द अग्ली – नक्की कुठली डिस्क घेऊ? बाबा ऐकत नाहीयेत

रिकामा_बाजीराव

नमस्कार मंडळी,

धागा काढायचं कारण म्हणजे आमचे पिताश्री. दिवाळीत घरी प्रोजेक्टर घेतला, भिंत पांढरी रंगवली, आणि पहिला मान कुणाला तर दिग्दर्शक लिओनेच्या द गुड, द बॅड अँड द अग्ली या वेस्टर्न पिक्चरला असं बाबांनीच जाहीर केलं. त्यांनी तो कॉलेजात असताना टॉकीजला तीनदा बघितलाय आणि त्याचं पुराण आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मग मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सेकंडहँड ब्लूरे मागवली, खोक्यावर मागे १७९ मिनिटं लिहिलंय, रिमास्टर २०१४ चं. म्हटलं सगळ्यात मोठा म्हणजे सगळ्यात पूर्ण, काम झालं.

कसलं काम झालं. दहाव्या मिनिटाला आई म्हणाली "या सगळ्यांना कावीळ झालीये का रे?" आणि खरंच सांगतो, आकाश पिवळं, शर्ट पिवळे, घोडासुद्धा पिवळा, मी प्रोजेक्टरची सेटिंगं खालीवर करून दमलो. मग त्यातला टुको (एलाय वॉलक) हातात कोंबडी घेऊन एका गुहेत जातो आणि दोरावरून तीन माणसं खाली उतरतात तो सीन आला, तर बाबा ताडकन उठून बसले, "हे नव्हतंच! मी तीनदा बघितलाय, ही गुहा कुठून आणली?" आणि पहिला गोळीबार झाल्यापासून एकच पालुपद, की बंदुकीचा आवाज हा नव्हे, आमच्या वेळी गोळी सुटली की ठ्यांऽऽ करून डोंगरातून फिरून परत यायची.

आता बाबा ७४ चे आहेत, त्यामुळे आठवण दगा देत असेल असं मी म्हणालो आणि ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तर प्रश्न असे: १) पिवळा नसलेला कुठला येतो? २) ती गुहा काय भानगड आहे? ३) एका मित्राकडे जुनी डीव्हीडी आहे तिच्यावर १५५ मिनिटं लिहिलंय, म्हणजे तो कापलेला का? आणि हो, ओठ आणि डायलॉग बऱ्याच ठिकाणी जुळत नाहीयेत, डिस्क बदलून मागू का?

---

निगेटिव्हवाला

बाजीराव, पहिल्यांदा बाबांची माफी मागा. दोन्ही मुद्द्यांवर ते बरोबर आहेत आणि तुम्ही चूक.

गुहा आधी घेतो. पिक्चर रोममध्ये १९६६ च्या डिसेंबरात लागला. तो गुहेतला सीन लिओनेनं शूट केला होता पण रोमच्या पहिल्या खेळानंतर स्वतःच काढून टाकला, म्हणजे तो पहिला खेळ सोडला तर इटलीतल्या लोकांनीसुद्धा तो थेटरात बघितलेला नाही. मग इंग्रजी आवृत्ती करताना आणखी कात्री लागली आणि जगभर जो फिरला तो १६१ मिनिटांचा. बाबांनी बघितला तो हाच. २००३ साली एमजीएम स्टुडिओनं इटालियन आवृत्तीतले कापलेले सीन परत जोडले, त्यात ही गुहापण घातली, आणि झाला १७९ मिनिटांचा. तेव्हापासून डीव्हीडी म्हणा ब्लूरे म्हणा बरीच वर्षं हाच लांबडा कट पुढे केला गेला आणि नवीन लोकांना वाटायला लागलं की ओरिजिनल हाच.

गंमत अशी की त्या जोडलेल्या सीनना इंग्रजी आवाजच नव्हता, ते इंग्रजीत कधी डब झालेलेच नव्हते. मग २००३ मध्ये ईस्टवूड आणि एलाय वॉलक दोघांना स्टुडिओत बोलावून डबिंग करून घेतलं. वॉलक तेव्हा ८७ वर्षांचा! शूटिंगच्या वेळी पन्नाशीचा. गुहेचा सीन परत लावा आणि डोळे मिटून ऐका, टुको कोंबडी घेऊन आत शिरतो आणि एकदम कुणाचे तरी आजोबा बोलायला लागतात. ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेलेला (लिओनेही त्याच वर्षी गेला), म्हणून त्याचे डायलॉग सायमन प्रेस्कॉट नावाच्या दुसऱ्या आर्टिस्टनं म्हटलेत. एकदा कळलं की मग ते कानाला टोचतच राहतं, सॉरी, आता तुम्हालाही टोचणार.

आता बंदूक. पिक्चर मुळात मोनो. एकच स्पीकर, पडद्यामागे. त्या मोनो ट्रॅकवरचा गोळीचा आवाज म्हणजे इटालियन वेस्टर्नचं अर्धं भांडवल, खऱ्या बंदुकीसारखा अजिबात नाही, भला मोठा, घुमणारा, शेवटी शीळ घालत जाणारा. २००३ च्या कामात ५.१ सराउंड केलं तेव्हा बरेच गोळ्यांचे आणि तोफांचे आवाज नव्यानं टाकले. बाबांचं "फिरून यायची" हे त्या मोनोचं इतकं अचूक वर्णन आहे की मी ते चोरणार आहे. त्यामुळे डिस्क कुठलीही घ्या, मेनूत जाऊन मोनो ट्रॅक आहे का ते बघा आणि असेल तर तोच लावा.

पिवळेपणा. २०१४ चं ४के रिमास्टर इटलीतल्या एका नावाजलेल्या लॅबमध्ये झालं. डिटेल जबरदस्त आहे, ते मान्य करायलाच पाहिजे, आधीच्या २००९ च्या ब्लूरेपेक्षा कितीतरी जास्त. पण कलर ग्रेडिंग करताना सगळ्यावर हळदीचं पाणी शिंपडल्यासारखं झालंय, पांढरं काही पांढरं राहिलं नाही. तुमच्या प्रोजेक्टरचा काही दोष नाही, सेटिंगं होती तशी परत करा.

मग २००९ ची ब्लूरे घ्यावी का? रंग बरे आहेत, पण तिचा प्रॉब्लेम वेगळाच. हा पिक्चर टेक्निस्कोप नावाच्या स्वस्तातल्या पद्धतीनं शूट झालाय. साध्या ३५ एमएममध्ये एका फ्रेमला चार छिद्रांएवढी उंची मिळते, टेक्निस्कोपमध्ये दोनच. फिल्म निम्मी लागते, म्हणजे खर्च निम्मा, निर्माता खूश. पण पडद्यावर तेवढाच मोठा करायचा म्हणजे ग्रेन (फिल्मचे बारीक दाणे) पण मोठी दिसणार, ती राहणारच, ती घाण नव्हे, ती फिल्म आहे. २००९ ला ती ग्रेन सॉफ्टवेअरनं पुसून काढली. ग्रेनबरोबर चेहऱ्यावरची भोकं, घामाचे थेंब, दाढीचे खुंट पण गेले. वॉलकचा क्लोजअप बघा, मेणाचा पुतळा. आता ज्या पिक्चरमध्ये लिओने आणि कॅमेरामन टोनिनो देली कोली एकेक चेहरा नकाशासारखा दाखवतात तिथे चेहराच धुऊन काढला तर राहिलं काय?

म्हणून माझं मत विचारलं तर किनो लॉर्बर या अमेरिकन कंपनीची २०१७ ची ५० वर्षांची खास आवृत्ती. दोन डिस्क आहेत, एकीवर थेटरवाला १६१–१६२ मिनिटांचा कट, रंग दुरुस्त करून, पिवळेपणा बराच उतरवलाय, मोनो आहे. दुसरीवर १७९ वाला. किंवा त्यांचीच २०२१ ची ४के डिस्क, तिच्यावर थेटर कटच आहे. आता ब्रिटनमध्ये ॲरो कंपनीनं पण ४के काढलीये, नव्यानं निगेटिव्हवरून. बजेट असेल तर बघा.

ओठांचं दुसरं कोणीतरी सांगा, माझे हात दुखले.

---

पेटीमास्तर

ओठांचं मी सांगतो. डिस्क बदलू नका, पैसे वाया जातील. त्या काळी इटलीत सेटवर आवाज रेकॉर्डच करत नसत, सगळं नंतर स्टुडिओत. ईस्टवूड इंग्रजीत बोलतोय, समोरचा इटालियनमध्ये, मागचा स्पॅनिशमध्ये, ज्याला जी येते ती भाषा. तो पुलाजवळचा दारूडा कॅप्टन आहे ना, आल्दो जुफ्रे, तो इटालियन नट. त्यामुळे कुठल्याही भाषेत बघा, कुणाचे ना कुणाचे ओठ चुकणारच.

पण मला बोलायचंय ते १५५ मिनिटांवर, कारण यात मी स्वतः वेडा झालो होतो. मित्राची डीव्हीडी कापलेली नसावी. ती पाल असणार, म्हणजे जुन्या टीव्हीच्या एका पद्धतीसाठी केलेली. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमनं चालते आणि पाल टीव्ही २५ नं, तर सरळ फिल्मच जरा पळवून २५ नं चालवत. १६१ गुणिले २४ भागिले २५ करा, १५४ आणि वर थोडं येतं. सीन सगळे आहेत, नुसती घाई आहे. याच हिशेबानं १७९ वाला पालवर १७२ च्या आसपास भरतो. खोक्यावरचे मिनिटांचे आकडे बघून कट ओळखायला गेलात तर असे फसाल.

आता घाई चार टक्के म्हणजे किस झाड की पत्ती असं वाटेल. पण सूर पण चढतो ना! मी पेटी वाजवतो, संगीतकार मॉरिकोनेची ती सुरुवातीची कोल्हेकुई आणि अलेस्सांद्रोनीची शीळ पेटीवर बसवायला घेतली, जुन्या डीव्हीडीवरून. अर्धा तास भाता मारतोय आणि एकही पट्टी लागेना. एक पट्टी म्हणावी तर कमी पडतंय, पुढची म्हणावी तर जास्त होतंय. मला वाटलं पेटीच उतरली, ट्यूनिंगवाल्याला बोलावून घेतलं, त्यानं तपासून सांगितलं पेटी ठणठणीत आहे, तुमचा कान तपासा. पुढे सहा महिन्यांनी ब्लूरेवर ऐकलं आणि पहिल्या फटक्यात पट्टी सापडली. पालमध्ये सूर अर्ध्या स्वराला थोडा कमी एवढा वर सरकतो, म्हणजे अगदी दोन पट्ट्यांच्या फटीत जाऊन पडतो. काही कंपन्या सूर नंतर खाली आणून देत, पण सगळ्या नाही.

शेवटी टुको कबरींमधून पळत सुटतो तेव्हा गायिका एद्दा देल'ओर्सोचा आवाज चढत चढत जातो, तो पाल डीव्हीडीवर ऐकू नका एवढीच विनंती. बाई तशीच वर गेलेली आहे, तिला आणखी वर ढकलायची गरज नाही.

ब्लूरेला ही भानगड नाही, ती २४ नंच चालते.

---

मुलुंडची_माई

निगेटिव्हवाले, तुम्ही लिहिता छान पण लांबड्या कटाला एवढं सावत्रपणे वागवू नका हो.

गुहेचं सोडा, ती मलाही उपरी वाटते, लिओनेनं काढली ते बरंच केलं. पण बाकीचे? पडक्या किल्ल्यात जखमी सैनिक पडलेत आणि एंजल आइज (ली व्हॅन क्लीफ) तिथे चौकशीला येतो, तो सीन काढलात तर हा माणूस पुढे एकदम युनियनच्या (उत्तरेकडच्या सैन्याच्या) छावणीत सार्जंट होऊन कसा बसलेला असतो? मी पहिल्यांदा बघितला तेव्हा (केबलवर, रात्री, छोटा कट) मला वाटलं मधे लाइट गेली तेव्हा काहीतरी सुटलं. किल्ल्यात त्याला कळतं की तो ज्याला शोधतोय तो बिल कार्सन जिवंत असेल तर बेटरव्हिलच्या कैदी छावणीत सापडेल, मग सगळं जुळतं. शिवाय त्या सैनिकांची अवस्था बघून त्याच्यासारख्या माणसाचा चेहरापण एक क्षण पडतो. तेवढा एक क्षण मला हवाय.

आणि ते "सहा हा पूर्ण आकडा" वालं? एंजल आइज म्हणतो पूर्ण आकडा तर तीन ना, आणि ब्लाँडी (ईस्टवूड) म्हणतो हो, पण माझ्या पिस्तुलात गोळ्या सहा आहेत. हा डायलॉग छोट्या कटात नाही! मग कशाला बघायचा तो.

आवाज म्हातारे आहेत हे खरं. पण मला त्याचं काही वाटत नाही, आपल्याकडे साठीतला हिरो कॉलेजात जातो तेव्हा आपण काही बोलतो का.

---

निगेटिव्हवाला

माई, किल्ल्याचा मुद्दा मान्य, तिथे छोटा कट खरंच उडी मारतो. पण पहिल्यांदा बघणाऱ्यानं किंवा पन्नास वर्षांनी परत बघणाऱ्यानं छोटाच बघावा असं माझं म्हणणं. वाळवंटात ब्लाँडी उन्हानं मरायला टेकलाय आणि टुको समोर बसून तसराळ्यात पाय धुतोय, हे जोडलेलं आहे. सीन मजेशीर आहे पण पुढे पुढे त्या वाळवंटाचा आपल्यालाच कंटाळा यायला लागतो. सहाच्या आकड्यावर मात्र मी निरुत्तर.

जाता जाता, कोणाकडे व्हीसीडी होती का? माझ्याकडे तीन सीड्यांचा सेट होता, चौकोनी टीव्हीसाठी चित्राच्या कडा कापलेला. उंचीच्या २.३५ पट रुंद चित्र १.३३ पटीत कोंबायचं म्हणजे जवळजवळ ४३ टक्के चित्र गेलं. शेवटच्या कबरस्तानात तिघं लांब लांब उभे राहतात, तिथे एका वेळी जेमतेम दीड माणूस दिसायचा. मी कित्येक वर्षं असं समजत होतो की दोघांचंच द्वंद्व आहे आणि तिसरा मधे मधे येतोय.

---

रिकामा_बाजीराव

बाप रे. मंडळी, दंडवत. बाबांना सगळे प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले, "दोन पैकी दोन" असं म्हणून ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले, बोलले नाहीत पण शीळ घालत होते.

किनोवाली मागवायची ठरवतोय, पण एकानं सांगितलं ती इथे चालतच नाही? भाच्याकडे पीएस५ आहे, डिस्कवाला.

---

निगेटिव्हवाला

बरोबर सांगितलंय, हे माझ्याकडून लिहायचं राहिलं. ब्लूरेला जगाचे तीन भाग केलेत, ए, बी, सी. अमेरिका ए मध्ये, आपण सी मध्ये. किनोची साधी ब्लूरे रिजन ए ला लॉक आहे, इथे विकलेल्या प्लेअरमध्ये टाकलीत तर वर सॉरीची पाटी येईल आणि आत काही नाही. मी अशाच एका लॉक डिस्कचा कोस्टर केलाय, चहाचा कप छान बसतो.

पण ४के अल्ट्रा एचडी डिस्कला रिजनच नसतो. म्हणजे २०२१ ची ४के मागवा, भाच्याच्या पीएस५ मध्ये बिनदिक्कत चालेल. खोक्यात सोबत साधी ब्लूरे आली तर ती लॉक असू शकते, तिच्यावर विसंबू नका. आणि मागवताना खोक्याचा रंग बघून मागवू नका, विक्रेते फोटो एकाचा लावतात आणि माल दुसराच पाठवतात, वर्ष आणि कंपनीचं नाव लेखी विचारून घ्या.

प्रोजेक्टर ४के नसला तरी हरकत नाही, रंग आणि मोनो महत्त्वाचे.

---

माद्रिदचा_मावळा

उशिरा आलोय पण रंगांवरून राहवलं नाही. मी नोकरीनिमित्त स्पेनमध्ये असतो आणि सॅड हिलला जाऊन आलोय, म्हणजे तेच शेवटचं कबरस्तान. बुर्गोस प्रांतात सांतो दोमिंगो दे सिलोसच्या जवळ डोंगरात आहे. ५००० च्या वर कबरी, सगळ्या खोट्या, १९६६ मध्ये स्पॅनिश लष्कराच्या सैनिकांनी पिक्चरसाठी उभारलेल्या. नंतर सगळं गवताखाली गाडलं गेलं. २०१५ पासून तिथल्या हौशी लोकांनी कुदळ फावडी घेऊन उकरायला सुरुवात केली, मधलं गोल दगडी रिंगण मातीखाली तसंच्या तसं सापडलं, आता तिथे मधोमध उभं राहता येतं. मी उभा राहिलो. बायकोला म्हटलं तू व्हॅन क्लीफच्या जागी जा, ती म्हणाली ऊन आहे, मी गाडीत बसते.

तर मुद्दा: मी उन्हाळ्यात गेलो होतो, त्यांचं शूटिंगही उन्हाळ्यातलंच. गवत पिवळं आहे, अगदी वाळलेलं, ते कुठल्याही डिस्कवर पिवळंच दिसायला हवं. पण भोवतीच्या टेकड्यांवरची झाडं काळपट हिरवी आहेत आणि आकाश निळं म्हणजे निळंशार. घरी येऊन २०१४ वाली लावली तर टेकडी, गवत, आकाश सगळं एकाच भांड्यात उकळून काढल्यासारखं. किनोवालीत गवत वेगळं, झाडी वेगळी, आकाश वेगळं. मी तिथून फोनवर काढलेला फोटो टीव्हीशेजारी धरून बघितलाय, बायको अजून हसते.

आणि टेक्निस्कोपचा एक फायदा निगेटिव्हवाल्यांनी सांगितला नाही. फ्रेम लहान, लेन्स साध्या आणि कमी लांबीच्या, त्यामुळे जवळचं आणि लांबचं दोन्ही शार्प राहतं. नाकासमोर टुकोचा चेहरा आणि मागे शंभर कबरींवरचे क्रूस, दोन्ही स्पष्ट. चांगल्या डिस्कवर मागच्या रांगांमधली एकेक फळी दिसते, २००९ च्या ब्लूरेवर मागचे क्रूस म्हणजे नुसती कुंपणाची रेघ.

---

पेटीमास्तर

मावळे, तो पूल पण तिकडेच ना? जो कॅमेरे चालू व्हायच्या आधीच चुकून उडवला आणि मग लष्करानं परत बांधून दिला?

---

माद्रिदचा_मावळा

हो, आर्लांझा नदीवर, तिथून फार लांब नाही. आता पूल नाही, नदी मात्र आहे. पिक्चरमध्ये वाटते त्याच्या निम्मी पण नाही, आपल्याकडे ओढा म्हणतील.

---

रिकामा_बाजीराव

अपडेट द्यायला आलो. ४के आली, बरोबर तीच आली, काल रात्री लावली, मोनो ट्रॅक, १६१ मिनिटं. आईनं आकाश बघून "हां, आता बरा आहे पेशंट" एवढंच म्हटलं आणि शेंगा सोलत बसली. पहिली गोळी सुटली तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, नुसतं बोट वर केलं, ऐक म्हणून. खरंच फिरून येते हो. भिंतीवरून आल्यासारखी वाटते.

गुहा आली नाही. बाबांनी ती यायच्या वेळेला घड्याळ बघितलं होतं.

मग पुलाच्या जरा आधी त्यांना झोप लागली. एवढा मोठा स्फोट झाला तरी हलले नाहीत, मी आवाज कमी करणार होतो तेवढ्यात टुको कबरींकडे पळत सुटला, ते गाणं सुरू झालं आणि म्हातारा डोळे न उघडता म्हणतो, "आता कुत्रा येईल." आणि आला की हो कुत्रा, टुकोच्या समोरून पळत गेला.

माई, सहाच्या आकड्याचं त्यांना वाचून दाखवलंय. तो सीन बघायला लांबडा कट एकदा लावू म्हणालेत, पण गुहेचा सीन पुढे पळवायचा या अटीवर.